तो ट्रक, ती बाइक

मे महिन्याच्या सुट्टीतली सकाळ. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-सहा पोरं 'ट्रान्सफॉर्मर्स' खेळत होती. खेळाचे नियम एकदम सोपे. आपण कोण, ते आधी ओरडून सांगायचं. जो पहिला ओरडेल, त्याचं ते नाव. 'मी ऑप्टिमस!' 'मी बम्बलबी!' 'मी मेगाट्रॉन!' मिनिटभरात सगळी मोठी नावं संपली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची चिमुरडी धावत खाली आली. 'मी पण!' पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातल्या जाणत्यानं निकाल दिला, 'तू आर्सी हो. ती मुलगी असते.'

ती क्षणभर थांबली आणि तिनं विचारलं, 'ती काय करते?'

कुणालाच नीट सांगता येईना. एक म्हणाला, ती बाइक होते. दुसरा म्हणाला, ती गुलाबी असते. तिसरा म्हणाला, ती सगळ्यांच्या बरोबर असते. 'अरे, पण ती करते काय?' पुन्हा प्रश्न. पुन्हा शांतता. मग तिनंच तोडगा काढला. 'जाऊ दे, मी वॉचमनकाकांचा कुत्रा होते.' आणि पुढचा अर्धा तास तिनं ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन दोघांनाही भुंकून भुंकून पळवलं.

मी स्कूटर पुसत उभी होते. हसू आलं, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण या बाईच्या, म्हणजे आर्सीच्या, जवळजवळ चाळीस वर्षांच्या आयुष्यात कार्टूनवाल्यांनी, कॉमिकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी तिच्याबद्दल सतत एकच प्रश्न विचारलाय. तो प्रश्न 'ती काय करते?' असा नाहीये. तो आहे, 'ती का आहे?'

'ते'चा 'तो' कसा झाला?

आधी आपल्या भाषेकडे बघू. मराठीत यंत्रांना लिंग वाटण्याचं काम आपण फार सढळ हातानं केलंय. तो ट्रक, ती गाडी. ती बाइक, ते विमान. तो रणगाडा, ती रिक्षा. यात तर्क शोधायला जाऊ नये. गंमत अशी, की ट्रान्सफॉर्मर्सची गोष्ट मराठीत सांगायला घेतली की पंचाईत होते. बम्बलबी उभा असतो तेव्हा 'तो'. पण रूप बदलून पिवळी कार झाला की 'ती' गाडी भुर्रकन निघून जाते. पुन्हा उभा राहिला की 'तो'. एका वाक्यात दोनदा लिंगबदल, आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही. कारण गाडीचं 'ती' असणं हे व्याकरण आहे आणि बम्बलबीचं 'तो' असणं ही माणसांनी बसून ठरवलेली गोष्ट आहे.

ठरवलेली, हा शब्द मुद्दाम वापरतेय. ही खेळणी मुळात जपानच्या ताकारा कंपनीची. 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' या तिथल्या मालिकांमधली. डायाक्लोनमधली यंत्रं म्हणजे निव्वळ यंत्रं होती. ती चालवायला आत छोटी छोटी माणसं बसायची. आपण ज्याला ऑप्टिमस प्राइम म्हणून ओळखतो, तो ट्रक तिथे 'बॅटल कॉन्व्हॉय' होता. म्हणजे आपल्या हिशेबानं अगदी शुद्ध 'ते'. ते यंत्र, ते वाहन.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रोनं ही खेळणी घेतली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. नुसती खेळणी विकून भागणार नव्हतं, त्यांना गोष्ट हवी होती. मग मार्व्हल कॉमिक्सला बोलावलं गेलं. तिथल्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावं दिली, स्वभाव दिले. त्याच वर्षी मार्व्हलचं कॉमिक आलं आणि टीव्हीवर कार्टूनही सुरू झालं. आत बसणारा माणूस गेला आणि यंत्रालाच जीव आला. त्याच क्षणी 'ते'चा 'तो' झाला. सगळ्यांचाच. पहिल्या वर्षीच्या कार्टूनमध्ये सायबरट्रॉन ग्रहावरची एकही 'ती' नव्हती.

ऑप्टिमसचा आवाज आठवतोय? पीटर कलन यांचा तो खर्जातला, धीर देणारा आवाज. कलन यांनी अनेकदा सांगितलंय, की तो आवाज त्यांनी आपल्या मोठ्या भावावरून घेतला. हा भाऊ अमेरिकी मरीन दलात होता, व्हिएतनाममध्ये लढून आलेला. खरा ताकदवान माणूस आरडाओरडा करत नाही, हे त्याच्याकडून ते शिकले. किती सुंदर गोष्ट आहे ही! पण यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. एका लोखंडी ट्रकला एका पुरुषाचा आवाज, एका पुरुषाचा अनुभव आणि एका पुरुषाचं मोठेपण दिलं गेलं, आणि तेव्हा कुणीही विचारलं नाही, की 'यंत्राला पुरुष कशाला केलं?' कुणाला खटकलंच नाही. 'तो' असणं हे जणू काही नसण्यासारखंच होतं.

खटकलं ते 'ती' आल्यावर.

गुलाबी पाहुणी

१९८५ साली, कार्टूनच्या दुसऱ्या पर्वात, पहिल्यांदा स्त्री ऑटोबॉट दिसल्या. एलिटा वन, क्रोमिया, मूनरेसर, फायरस्टार. लाखो वर्षं सायबरट्रॉनवर लपून छपून लढणारी ही टोळी. ऑप्टिमसला वाटत होतं, त्या कधीच संपल्या. एलिटाकडे तर काळ थांबवण्याची शक्ती होती आणि ती वापरली की तिचं स्वतःचंच आयुष्य खर्ची पडायचं. एका अख्ख्या मालिकेला पुरेल एवढं हे कथानक! कार्टूननं ते एका भागात उरकलं. त्यानंतर या मंडळी फारशा कुठे दिसल्याच नाहीत. मुख्य युद्ध पृथ्वीवर चालू राहिलं आणि तिथे सगळे 'तो'च.

मग १९८६ चा ॲनिमेटेड चित्रपट. ऑप्टिमसला मारून लाखो पोरांना थिएटरात रडवणारा तोच. त्यात आर्सी आली. गुलाबी आणि पांढरी. बारीक कंबर, रंगवल्यासारखे ओठ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना 'स्टार वॉर्स'मधल्या प्रिन्सेस लेयाच्या अंबाड्यांची आठवण करून देणारे गोळे. आवाज सुझन ब्लू यांचा. ती लढते, नेम चांगला आहे, घाबरत नाही. पण तिला आठवा म्हटलं की काय आठवतं? डॅनियल या लहान मुलाला सांभाळणारी. स्प्रिंगर आणि हॉट रॉड यांच्या आसपास असणारी. १९८७ साली मूळ मालिका संपली, त्या शेवटच्या कथेत तर डॅनियलच आर्सीचं डोकं होतो. अलंकारिक अर्थानं नाही, अक्षरशः. तेव्हा 'हेडमास्टर' नावाची खेळणी निघाली होती, माणूस रूप बदलून रोबोचं डोकं व्हायचा. इतर काही रोबोंच्या वाट्यालाही हेच आलं. पण ज्या एकुलत्या एक बाईला आधीच स्वतःचं म्हणणं मांडायला जागा नव्हती, तिच्या धडावर एका पोराचं डोकं, हे चित्र आज बघताना जरा जास्तच बोलकं वाटतं.

आणि ज्या कार्टूनचा जन्मच खेळणी खपवण्यासाठी झाला होता, त्यातल्या आर्सीचं खेळणं तेव्हा दुकानात आलंच नाही. नमुने तयार झाले होते. पण प्रत्यक्षात नाही. पडद्यावरच्या त्या मूळ रूपाशी जुळणारी, गाडी होणारी आर्सी हॅस्ब्रोनं सर्वसामान्य दुकानांत आणली ती २०१४ मध्ये. म्हणजे २८ वर्षांनी. चित्रपट बघून जी मुलगी आईकडे ते खेळणं मागत होती, ती तोवर स्वतः आई झाली असेल.

स्पष्टीकरण द्या!

इथून पुढे सुरू होतो स्पष्टीकरणांचा खेळ.

१९८९ साली ब्रिटनमधल्या मार्व्हलच्या ट्रान्सफॉर्मर्स साप्ताहिकात सायमन फर्मन यांनी एक छोटी कथा लिहिली. ती घडते १९९५ सालात, म्हणजे तेव्हाच्या भविष्यात. ऑटोबॉट्समध्ये स्त्रिया का नाहीत म्हणून पृथ्वीवरच्या स्त्रीवादी बायका तक्रार करतात. त्यांची समजूत काढायला ऑप्टिमस आर्सी घडवून जगासमोर आणतो. तर त्या बायका आणखी चिडतात. का? तर ती गुलाबी का, अशी का दिसते म्हणून! कथा विनोदी आहे आणि फर्मन हा या जगातला फार मोठा लेखक. पण विनोदाचा रोख बघा. आर्सी इथे पात्रच नाहीये. ती एका तक्रारीला दिलेलं उत्तर आहे. युद्धात तिची गरज होती म्हणून ती आलेली नाही, कुणीतरी आवाज केला म्हणून आली. 'कोट्यातून आली' असं आपल्याकडे कॉलेजात ज्या सुरात म्हणतात ना, तोच सूर.

मग २००७ चा मायकल बे यांचा चित्रपट. सुरुवातीच्या आराखड्यात त्यात आर्सी होती. मग तिची जागा आयर्नहाइडला मिळाली. लेखकांचं म्हणणं असं, की रोबोंमध्ये स्त्री कशी, हे प्रेक्षकांना समजावत बसावं लागेल आणि तेवढा वेळ नाही. म्हणजे एक ट्रक उभा राहून माणसासारखं भाषण करतो, हे समजावायची गरज नाही. रेडिओवरची गाणी जोडून जोडून गाडी बोलते, तेही चालतं. फक्त 'ती' आली की खुलासा हवा! दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात जेटफायर नावाचा म्हातारा रोबो चक्क दाढीसारख्या लोंबत्या तारा आणि हातात काठी घेऊन आला. लोखंडाला दाढी का येते, हे कुणी विचारलं नाही. त्याच चित्रपटात आर्सीही आली, आणखी दोन बाइक-बहिणींसोबत. तिघींना मिळून जेमतेम काही वाक्यं. वाळवंटातल्या लढाईत गोळ्या लागल्या, विषय संपला.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट खुलासा आला २००८ मध्ये, आयडीडब्ल्यू प्रकाशनाच्या कॉमिकमधून. लेखक पुन्हा फर्मनच. या विश्वात रोबोंना लिंग नसतं, असं धरलं होतं. (तरी सगळ्यांना 'तो'च म्हणत होते, हा भाग वेगळा.) मग आर्सी कशी? तर जायॅक्सस नावाच्या विकृत शास्त्रज्ञानं तिच्यावर प्रयोग करून तिला जबरदस्तीनं स्त्री केलं आणि त्या यातनेनं ती हिंसक झाली, भान हरपलेली झाली. थोडं थांबून विचार करा. एका अख्ख्या ग्रहावर एकच स्त्री आणि तिचं स्त्री असणं म्हणजे एक अत्याचार, एक बिघाड. वाचकांनी तेव्हाच याच्यावर भरपूर टीका केली, आणि ती योग्यच होती. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. प्रश्न चुकीचा होता. 'ती का आहे?' या प्रश्नाच्या मागे धावत गेलं की शेवटी असल्याच एखाद्या भिंतीवर डोकं आपटतं. विनोद तरी करावा लागतो किंवा छळ तरी.

नियम आणि अपवाद

या सगळ्याला एक नावही आहे. अमेरिकन लेखिका कॅथा पॉलिट यांनी १९९१ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलेल्या लेखात ते दिलं, 'स्मर्फेट प्रिन्सिपल'. निळ्या स्मर्फच्या गावात शंभरेक स्मर्फ असतात. कुणी हुशार, कुणी आळशी, कुणी चिडका. आणि एक स्मर्फेट असते. तिचा स्वभाव काय? तर ती मुलगी आहे. पॉलिट यांचा मुद्दा थोडक्यात असा, की अशा गोष्टींत मुलगे म्हणजे नियम आणि मुलगी म्हणजे त्या नियमाला असलेला फरक. मुलगे गोष्ट घडवतात आणि मुली त्यांच्या नात्यानं ओळखल्या जातात.

पार्किंगमधल्या पोरांची उत्तरं आठवा. बाइक होते, गुलाबी असते, सगळ्यांच्या बरोबर असते. तीनही उत्तरं बरोबर होती आणि तीनांतलं एकही 'ती काय करते' याचं नव्हतं. पोरांची चूक नाही. त्यांना जे दिसलं, ते त्यांनी सांगितलं.

'कार्टून आहे गं, एवढं काय मनावर घ्यायचं?' हे मला नेहमी ऐकवलं जातं. ठीक आहे, कार्टून सोडून देऊ. तुमच्या खिशातल्या यंत्राकडे बघा. सिरी आणि अलेक्सा घरोघरी आल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी बाईच्या आवाजात आल्या. गाणं लाव, अलार्म लाव, दिवा बंद कर. मदतनीस यंत्रांना बाईचा आवाज देण्याच्या या सवयीवर युनेस्कोनं २०१९ साली एक अख्खा अहवाल काढला. २०२१ पासून ॲपलनं इंग्रजी सिरीसाठी आपसूक बाईचा आवाज लावणं बंद केलं, कुठला आवाज हवा ते वापरणाऱ्यालाच निवडायला सांगितलं. म्हणजे बघा, यंत्राला लिंग नसतं हे तत्त्वज्ञान आपण सोयीनं वापरतो. हुकूम ऐकणारं यंत्र बिनबोभाट 'ती' होतं. सैन्याचं नेतृत्व करणारं यंत्र बिनबोभाट 'तो' होतं. लढणारं यंत्र 'ती' झालं, की मात्र सगळ्यांना एकदम आठवतं, अरेच्चा, यंत्राला कुठे लिंग असतं!

आणि मग निळी आर्सी

आता चांगली बातमी. कारण ही गोष्ट नुसत्या तक्रारीची असती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

२०१० साली 'ट्रान्सफॉर्मर्स: प्राइम' हे कार्टून आलं. त्यातली आर्सी निळी आहे. बाइक होते. आवाज सुमाली मोंटानो यांचा. पहिल्याच भागात तिचा जोडीदार क्लिफजम्पर मारला जातो. (त्याला आवाज ड्वेन जॉन्सनचा, म्हणजे 'द रॉक'चा. एवढा मोठा स्टार घेतला आणि सुरुवातीलाच मारून टाकला!) आर्सीसाठी हा पहिला धक्का नाही. त्याच्या आधीचा तिचा जोडीदार टेलगेट याला एअरॅक्निड नावाच्या डिसेप्टिकॉननं तिच्या डोळ्यांदेखत मारलेलं असतं. दोन जोडीदार गेले. आता तिला तिसरा नकोय. आणि नेमका तेव्हाच तिच्या गळ्यात पडतो जॅक डार्बी, बर्गरच्या दुकानात काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा.

इथे काय बदललं बघा. आर्सी लहान मुलाला सांभाळते, हे १९८६ मध्येही होतं. पण तेव्हा ते बायकांचं काम म्हणून तिच्याकडे आलं होतं. इथे तिला ते नकोच आहे. ती जॅकशी तुसडी वागते, कारण ज्याच्यात जीव गुंतवला तो मरतो, हे ती शिकलीय. हळूहळू ती त्याच्यावर विश्वास टाकायला शिकते. क्लिफजम्परला स्टारस्क्रीमनं मारलं हे कळल्यावर ती सूडानं पेटते, ऑप्टिमसची शिस्त विसरते, चुका करते. संपूर्ण मालिकेत तिचं स्त्री असणं कुणीही समजावून सांगत नाही. ती आहे. तिला दुःख आहे, राग आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा कामावर जायचंय.

याच्याशी तुलना करायची तर थोडं आधीचं, २००७ साली सुरू झालेलं 'ट्रान्सफॉर्मर्स: ॲनिमेटेड' बघा. त्यातल्या आर्सीला पुन्हा सुझन ब्लूंचाच आवाज होता आणि तिची गोष्ट मनाला चटका लावणारी होती. महत्त्वाचे गुप्त संकेत स्वतःच्या डोक्यात घेऊन जाणारी हेर. ती शत्रूच्या हाती लागते आणि ते संकेत वाचवण्यासाठी डॉक्टर रॅचेटला तिची स्मृती पुसावी लागते. पण ही गोष्ट कुणाची? रॅचेटची. त्याचा अपराधगंड, त्याची जखम. आर्सी बराच काळ निपचित पडलेली. तिचं दुःख हे दुसऱ्याच्या पात्राला खोली देण्यासाठी. 'प्राइम'मध्ये हे उलटं झालं. तिथे मेलेले जोडीदार पुरुष आहेत आणि जखम तिची आहे. ॲक्शन सिनेमातल्या नायकाला जे हक्कानं मिळतं, ते तिला मिळालं.

अर्थात पेढे वाटायची घाई नको. 'प्राइम'च्या तीनही पर्वांत ऑटोबॉट्सच्या तळावर ती एकटीच बाई रोबो होती. स्मर्फेटला चांगली भूमिका मिळाली, पण गावात ती एकटीच राहिली.

एकटीची दुकटी होते तेव्हा

गाव बदललं ते कॉमिक्समध्ये. २०१३ साली हॅस्ब्रोनं चाहत्यांना मतदान करायला सांगितलं, नवा ट्रान्सफॉर्मर कसा हवा? टप्प्याटप्प्यानं मतं पडत गेली आणि लोकांनी जे घडवलं, ती निघाली विंडब्लेड. जेट होणारी, तलवार चालवणारी स्त्री. 'बाई रोबो कुणाला हव्यात?' या प्रश्नाचं उत्तर मतपेटीतून आलं. २०१४ मध्ये तिचं कॉमिक निघालं. लेखिका मेरिड स्कॉट, चित्रं सारा स्टोन यांची. ट्रान्सफॉर्मर्सच्या कॉमिकमध्ये लेखन आणि चित्रं दोन्ही स्त्रियांची असण्याची ती पहिलीच वेळ. विंडब्लेड काय करते? अख्ख्या शहराएवढ्या मोठ्या रोबोच्या मनाशी बोलते, त्याचं म्हणणं इतरांना सांगते. बघा, उत्तर आलं की नाही पटकन? तिच्यासोबत आणखी स्त्रिया आल्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या. कुणी कडक, कुणी भोळी, कुणी लबाड.

आणि गंमत म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा फायदा आर्सीला झाला. ती 'एकुलती एक' राहिली नाही, म्हटल्यावर तिला साऱ्या स्त्रीजातीचं ओझं वाहायची गरज उरली नाही. जॉन बार्बर यांनी त्याच आयडीडब्ल्यूच्या विश्वात तिला पुढे नेलं. सुरुवातीला ती प्राउलसाठी गुपचूप माणसं, म्हणजे रोबो, संपवणारी थंड डोक्याची योद्धा. मग हळूहळू तिचा भूतकाळ उलगडत गेला आणि २००८ ची ती जखमही लेखकानं नव्यानं लिहिली. तो बदल तिच्यावर लादलेला नव्हता, आपण कोण आहोत हे तिला ठाऊक होतं आणि ती स्वतःहून त्या वाटेनं गेली होती, असं पुढे आलं. ट्रान्स वाचकांसाठी या एका दुरुस्तीचा अर्थ काय असेल, याची कल्पना करा. जिचं अस्तित्वच बिघाड म्हणून सांगितलं गेलं होतं, तिचं अस्तित्व आता तिचा स्वतःचा निर्णय झालं.

२०१९ साली आयडीडब्ल्यूनं सगळं नव्यानं सुरू केलं. त्यात आर्सी आणि ग्रीनलाइट या दोघी जोडीदार आहेत आणि गेज नावाच्या नव्या, कोवळ्या रोबोला मिळून वाढवतात. ही ग्रीनलाइट कोण ठाऊक आहे? १९८५ च्या त्या एका भागात एलिटाच्या टोळीत मागे उभी असलेली, जिला ना नाव होतं ना वाक्य, ती. गर्दीतल्या त्या चेहऱ्याला नाव, घर आणि माणसं मिळायला तीसेक वर्षं लागली.

२०२३ पासून स्कायबाउंडचं कॉमिक सुरू झालं, डॅनियल वॉरन जॉन्सन यांचं. आर्सी त्यात सुरुवातीपासून ऑप्टिमसच्या सोबतच्या मोजक्या योद्ध्यांपैकी एक आहे. गुलाबी, हो, पुन्हा गुलाबीच! आणि या वेळी त्या रंगाचं काहीही वाटत नाही. कारण ती दमलेली आहे, खरचटलेली आहे, भिडते आहे. २०२४ मध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट चालू मालिकेचं आयझनर पारितोषिक मिळालं. कॉमिक्सच्या जगात हा फार मोठा मान. रंग कधीच गुन्हेगार नव्हता, हे मला तिथे नीट कळलं. गुलाबीच्या पलीकडे काही द्यायचं नसलं की गुलाबी खटकतो.

तर मग करायचं काय?

यावर कुणी म्हणेल, मग सगळ्या रोबोंना 'ते' करून टाका, विषयच मिटेल. मला चालेल. मराठीत तर आपल्याकडे तयार 'ते' आहे, इंग्रजीवाल्यांसारखी ओढाताण नाही. पण मग ऑप्टिमसलाही 'ते' म्हणा. पीटर कलन यांच्या भावाचा आवाज काढून घ्या. जमेल? नाही जमणार, आणि जमूही नये. कारण तो ट्रक आपल्याला आवडतो तो त्याच्यातल्या माणसामुळे. माझी मागणी इतकीच आहे, की जे माणूसपण त्या ट्रकला न मागता मिळालं, ते त्या बाइकलाही न मागता मिळावं. खुलासा न देता.

आणि ही मागणी फक्त रोबोंपुरती नाही. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये एकटी असणारी मुलगी, ट्रेकच्या ग्रुपमधली एकटी मुलगी, गेमिंगच्या टीममध्ये माइक बंद ठेवून खेळणारी मुलगी. तिला बघून मनात पहिला प्रश्न कुठला येतो, ते आपलं आपण तपासू शकतो. 'ही इथे कशी?' हा एक प्रश्न. 'ही काय करते?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ती कितीही उत्तरं देत बसली, तरी ती पाहुणीच राहते. दुसरा प्रश्न विचारला, की ती टीममध्ये असते.

परवा जिन्यात ती दुसऱ्या मजल्यावरची चिमुरडी भेटली. मी म्हटलं, 'अगं, आर्सी काय करते ते कळलं मला.'

'काय?'

'तिचे दोन जिवलग मित्र मेलेत. म्हणून ती कुणाशी मैत्री करत नाही. पण एका मुलाला वाचवायचं असतं, म्हणून करते. तिला खूप राग येतो. ती सगळ्यांपेक्षा छोटी असते, पण सगळ्यात चपळ असते.'

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, 'ती ऑप्टिमसला हरवू शकते?'

'ते दोघं एकाच बाजूला असतात गं.'

'हो, पण हरवू शकते का?'

याचं उत्तर अजून कुठल्याच कॉमिकनं मला दिलेलं नाही. मी म्हटलं, 'तू हो आर्सी. मग बघू.'

'बघते,' ती म्हणाली. 'पण कुत्रा पण राहणार मी. आर्सीचा कुत्रा.'